साथीचे रोग आणि जवळचा रेडिओ : एक पार्श्वभूमी

1937 च्या सप्टेंबरमध्ये शिकागो शहरात पोलिओची साथ पसरली आणि उन्हाळी सुटीनंतर शाळा उघडायच्या त्या उघडल्याच नाहीत. तिसरी ते आठवीची सुमारे 3 लाख 15 हजार मुले घरी बसली. शहरातल्या सहा रेडिओ केंद्रांनी विनामूल्य वेळ दिला आणि 15-15 मिनिटांचे पाठ सुरू झाले. सोमवार, बुधवार, शुक्रवारी समाजशास्त्र आणि विज्ञान. मंगळवार, गुरुवार, शनिवारी इंग्रजी आणि गणित. कोणता पाठ कधी, त्यासोबत कोणते प्रश्न सोडवायचे, हे सकाळच्या वर्तमानपत्रांत छापून येई.

हा प्रयोग आजही अनेकदा आठवला जातो, पण त्यातली खरी शिकण्यासारखी गोष्ट पाठांपेक्षा टेलिफोनची आहे. पालकांच्या शंकांसाठी शिक्षण विभागाने एक फोन सुरू केला आणि त्यावर 16 शिक्षक बसवले. पहिल्याच दिवशी हजाराहून अधिक फोन आले आणि आणखी पाच शिक्षक घ्यावे लागले. तक्रारी कसल्या होत्या? आवाज नीट येत नाही. शिक्षक फार भरभर बोलतात. काही घरांत तर रेडिओच नव्हता. ज्या मुलांना वर्गातही जास्त मदत लागे, तीच आणखी मागे पडली. साथीत रेडिओ काय करू शकतो आणि कुठे तोकडा पडतो, ते त्या दोन-तीन आठवड्यांत पुरते उघड झाले.

शिकागोच्या रेडिओवरून बोलणारा फक्त बोलत होता. ऐकणाऱ्याचे म्हणणे पोहोचवण्यासाठी फोनची वेगळी तजवीज करावी लागली. ऐकणाऱ्याला बोलते करण्याचा विचार पुढे आरोग्यातून आला नाही, तो शेतीतून आला. कॅनडात 1941 पासून शेतकरी एकत्र बसून रेडिओवरचा कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत आणि आपली मते परत कळवत. युनेस्कोच्या मदतीने हाच प्रयोग 1956 मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने केला. तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठीभाषक जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावांत श्रोत्यांचे गट उभे राहिले. अर्ध्या तासाचे 20 कार्यक्रम झाले. कार्यक्रम संपला की गट चर्चेला बसे, आणि त्यातून निघालेले प्रश्न पुणे केंद्राकडे जात. या प्रयोगाची पाहणी टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. ज्या गावांत गट होते तिथे नुसत्या माहितीतच भर पडली असे नाही, तर एकत्र बसून निर्णय घेण्याची सवयही रुजू लागल्याचे त्या पाहणीत दिसले. पुढे अनेक विकसनशील देशांनी हा नमुना उचलला. जगाच्या रेडिओ इतिहासात या प्रयोगाचे जे स्थान आहे, त्या मानाने त्याची आठवण फारच कमी काढली जाते.

त्यानंतरचा टप्पा संस्थांचा. अमेरिकेत सार्वजनिक प्रसारण कायद्यावर 7 नोव्हेंबर 1967 रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांची सही झाली. मूळ मसुदा केवळ दूरचित्रवाणीचा होता. रेडिओवाल्यांनी नेट लावून त्यात रेडिओ घालून घेतला. योगायोग असा की दुसऱ्याच दिवशी, 8 नोव्हेंबरला, इंग्लंडमध्ये बीबीसीचे पहिले स्थानिक केंद्र लेस्टरला सुरू झाले. भारतात मात्र बराच काळ वाट पाहावी लागली. प्रसारणासाठीच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये दिला. 2002 मध्ये शैक्षणिक संस्थांना आणि 2006 मध्ये स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओची, म्हणजे आपल्या परिसरापुरते छोटे केंद्र चालवण्याची, मुभा मिळाली, तीही बातम्या आणि चालू घडामोडी वगळून. जी केंद्रे लोकांच्या सर्वांत जवळ, त्यांनाच बातमी द्यायची मनाई. साथीच्या काळात ही अट किती जाचक ठरू शकते, हे वेगळे सांगायला नको.

स्थानिक रेडिओची सर्वांत कठीण परीक्षा घेतली ती पश्चिम आफ्रिकेतल्या इबोला या विषाणूजन्य रोगाच्या साथीने. 2014 ते 2016 या काळात गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या देशांत 28 हजारांहून अधिक लोकांना लागण झाली आणि 11 हजारांहून अधिक मृत्युमुखी पडले. सुरुवातीचे संदेश असे होते : इबोला जीव घेतो, त्यावर औषध नाही. संदेश खोटा नव्हता, पण ऐकणाऱ्याने त्यातून काढलेला अर्थही चुकीचा नव्हता. औषधच नसेल, तर आपल्या माणसाला परक्यांच्या उपचाराच्या तंबूत एकटे मरायला का पाठवायचे? लोक रुग्ण लपवू लागले. मृतदेहाच्या स्पर्शातूनही लागण होते, म्हणून त्याला स्नान घालण्याची रीत थांबवा, असे बाहेरून आलेला कोणी सांगे तेव्हा दारे बंद होत. सप्टेंबर 2014 मध्ये गिनीतल्या वोमे गावात जनजागृतीसाठी गेलेल्या पथकातल्या आठ जणांची हत्या झाली. त्यांत तीन स्थानिक पत्रकार होते. अविश्वास किती खोल गेला होता, हे त्यावरून कळते.

पुढे कार्यक्रमांचा सूर बदलत गेला. गावोगावच्या केंद्रांवर स्थानिक भाषांत इमाम आणि पाद्री बोलू लागले, बरे होऊन परतलेले रुग्ण स्वतःची हकिकत सांगू लागले, आणि दफन सुरक्षित ठेवूनही सन्मानाने कसे करता येईल, यावर श्रोत्यांचे फोन घेतले जाऊ लागले. मनाई सांगणारा आवाज मागे हटला आणि पर्याय शोधणारा पुढे आला. शाळा बंद असल्याने सिएरा लिओनने ऑक्टोबर 2014 मध्ये रेडिओवरून पाठही सुरू केले. शिकागोच्याच अडचणी पुन्हा समोर आल्या : रेडिओ नसलेली घरे, बॅटरी संपलेले संच, शंका विचारायला समोर कोणी नाही.

कोविडच्या वेळी, 2020 मध्ये, हा सगळा अनुभव गाठीशी होता. पण तो ज्यांच्याकडे माणसे आणि ओळख होती, त्यांनाच वापरता आला. अमेरिकेतल्या नावाहो या आदिवासी समाजाच्या प्रदेशाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. मे 2020 मध्ये तिथला लागण होण्याचा दर न्यूयॉर्क राज्यालाही मागे टाकून गेला. साधारण 30 टक्के घरांत नळाचे पाणी नाही, इंटरनेट तुटपुंजे, आणि अनेक वृद्धांना नावाहो भाषाच सोयीची. ‘वीस सेकंद हात धुवा’ हा जगभर फिरलेला संदेश अशा घरात जसाच्या तसा वाचून भागत नाही. पाणी कुठून आणायचे, ते आधी सांगावे लागते. 660 किलोहर्ट्‌झवरचे केटीएनएन केंद्र 1986 पासून या लोकांशी त्यांच्याच भाषेत बोलत आलेले. शुक्रवार रात्रीपासून सोमवार पहाटेपर्यंतची 57 तासांची संचारबंदी लागली, तेव्हा वीज-इंटरनेट नसलेल्या घरांपर्यंत आणि रस्त्यावरच्या गाड्यांपर्यंत पोहोचणारा आवाज रेडिओचाच होता.

इंग्लंडमध्ये बीबीसीच्या 39 स्थानिक केंद्रांनी मार्च 2020 मध्ये मदत हवी असणारे आणि मदत करू इच्छिणारे यांची गाठ घालून देण्याची मोहीम हाती घेतली. औषध आणून द्यायला कोणी नाही, बोलायला कोणी नाही, अशा श्रोत्यांचे फोन केंद्रात येत आणि त्याच परिसरातला दुसरा श्रोता पुढे होई. इथे बातमी आणि सेवा यांतली रेघ पुसली गेली आणि ते योग्यच झाले. गरजू माणूस कोणत्या गल्लीतला, हे माहीत असलेला निवेदक राष्ट्रीय वाहिनीवर असूच शकत नाही.

त्यानंतर जे घडले तेही या पार्श्वभूमीचाच भाग आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये बीबीसीने याच स्थानिक केंद्रांचे दुपारनंतरचे स्वतंत्र कार्यक्रम कमी करून ते शेजारच्या केंद्रांबरोबर एकत्र करण्याची योजना जाहीर केली. अमेरिकी काँग्रेसने जुलै 2025 मध्ये सार्वजनिक प्रसारणाचा 1.1 अब्ज डॉलरचा निधी काढून घेतला आणि 1967 च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या, केंद्रांना हा निधी वाटणाऱ्या सार्वजनिक प्रसारण महामंडळाने पुढच्याच महिन्यात काम गुंडाळायला घेतले. मोठ्या शहरांतल्या केंद्रांना श्रोत्यांच्या देणग्यांचा आधार तरी आहे. ग्रामीण आणि आदिवासी भागांतल्या अनेक केंद्रांच्या खर्चाचा मोठा वाटा याच निधीतून येत असे.