पोलीस मनःस्वास्थ्य अनुदान, अमेरिका

पोलिसांच्या मानसिक स्वास्थ्यासाठी व ताणनिवारणासाठी अमेरिकेचे केंद्र शासन राज्यांच्या, स्थानिक आणि मूलनिवासी जमातींच्या पोलीस दलांना देत असलेले अर्थसाहाय्य. ते न्याय विभागाच्या ‘कॉप्स’ (कम्युनिटी ओरिएंटेड पोलिसिंग सर्व्हिसेस; समाजाभिमुख पोलीस सेवा) या कार्यालयामार्फत दिले जाते.

या अनुदानाचा आरंभ कोठून धरावा, याविषयी एकमत नाही. पोलीस मानसशास्त्राच्या इतिहासात मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी कॅलिफोर्नियातील सॅन होझे येथे उमेदवारांच्या घेतलेल्या बुद्धिचाचण्यांचा (सु. १९१६-१७) उल्लेख प्रथम येतो, पण त्या भरतीसाठी होत्या, सेवेतील पोलिसांच्या मनःस्वास्थ्याशी त्यांचा संबंध नव्हता. १९६८ मध्ये मार्टिन रीझर लॉस अँजेलिस पोलीस दलात पूर्णवेळ मानसशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. हा टप्पा विषयाला अधिक जवळचा, तरी ती एका शहराच्या दलातील नेमणूक होती. अनेकदा २०१७ चा पोलीस मनःस्वास्थ्य कायदा हाच आरंभ मानला जातो. तथापि १९९४ च्या गुन्हेनियंत्रण कायद्यातील पोलीस-कुटुंब साहाय्याच्या प्रकरणात कुटुंबीयांचे समुपदेशन, ताण कमी करण्याचे कार्यक्रम व नव्या भरतीतील पोलिसांना ताणाविषयी शिक्षण यांसाठी अनुदानाची तरतूद आधीच होती. म्हणून केंद्रीय अनुदानाचा उगम १९९४ मध्ये मानणे अधिक सयुक्तिक ठरते. पोलिसाचा ताण घरापर्यंत पोहोचतो, ही जाण त्या तरतुदीत स्पष्ट दिसते.

२०१७ च्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी १० जानेवारी २०१८ रोजी झाली. त्यामुळे दोन्ही वर्षे आढळतात. संरक्षण खाते व माजी सैनिक खाते यांच्या मनःस्वास्थ्यविषयक पद्धती पोलिसांना कितपत लागू पडतील, हे तपासून अहवाल देण्यास या कायद्याने सांगितले. तो अहवाल २०१९ मध्ये आला. त्याच सुमारास इंडियानापोलिस, सॅन डिएगो इ. ठिकाणच्या अकरा कार्यक्रमांचा अभ्यासही प्रसिद्ध झाला. सहकारी पोलिसांनीच आधार देण्याचे प्रायोगिक कार्यक्रम कॉप्सच्या चालू अनुदानाच्या हेतूंत या कायद्याने समाविष्ट केले. प्रत्यक्ष रक्कम मात्र काँग्रेसच्या (अमेरिकेच्या संसदेच्या) वार्षिक विनियोजनावर अवलंबून राहते. विश्वास जमायला वर्षे लागणाऱ्या कामाला ही अनिश्चितता मारक आहे.

पैसा कोणत्या पद्धतीवर खर्चावा, हाही वादाचा मुद्दा. जेफ्री मिचेल यांनी १९८३ मध्ये मांडलेली, आघातकारक घटनेनंतर लगेच सामूहिक संभाषण घडविण्याची पद्धत पोलीस व अग्निशमन दलांत झपाट्याने पसरली. मात्र एकाच बैठकीच्या अशा संभाषणाने आघातोत्तर ताणविकृती टळत नाही, असे २००२ च्या कॉक्रन समीक्षेत (अनेक वैद्यकीय प्रयोगांचा एकत्रित आढावा) दिसून आले. त्या समीक्षेतील प्रयोग मुख्यतः व्यक्तिगत बैठकींचे होते व रुग्ण सामान्य नागरिक होते, हा समर्थकांचा आक्षेप अगदीच निराधार नाही. तरीही एकाच बैठकीपेक्षा दीर्घकाळ चालणाऱ्या साहाय्याला अनुदान देणे सुरक्षित वाटते.

बोललेले वरिष्ठांपर्यंत पोहोचेल आणि शस्त्र काढून घेतले जाईल, या भीतीने अनेक पोलीस मदतच घेत नाहीत. २०२१ च्या कायद्याने केंद्रीय पोलिसांनी सहकाऱ्यांशी आधारासाठी केलेल्या संभाषणांना गोपनीयता दिली. आत्महत्येचा किंवा इतरांना इजा करण्याचा स्पष्ट धोका असल्यास ती लागू नाही. कर्तव्यावर मृत्यू आल्यास कुटुंबाला लाभ देणारी योजना १९७६ पासून आहे. विशिष्ट परिस्थितीत कर्तव्याशी निगडित आत्महत्याही २०२२ मध्ये तिच्या कक्षेत आली. हा बदल फार उशिरा झाला.

अमेरिकेतील स्थानिक दलांपैकी जवळजवळ निम्म्या दलांत दहापेक्षा कमी पोलीस असतात. त्यांना स्वतःचा मानसशास्त्रज्ञ परवडत नाही; शेजारच्या दलांशी मिळून सेवा उभारणे हाच तेथे व्यवहार्य मार्ग आहे.