आडवी बाटली (दारूबंदी मतदान)

आडवी बाटली : गावातील किंवा प्रभागातील परवानाधारक दारूदुकान चालू ठेवावे की बंद करावे, याविषयी तेथील मतदारांनी, बहुतेक ठिकाणी स्त्री मतदारांनी, गुप्त मतदानाने दिलेला बंदीचा कौल. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहावे, आडवी म्हणजे बंद व्हावे. या चित्रांवरूनच प्रथेला नाव पडले. मराठीत पिऊन पडलेल्या माणसालाही ‘आडवा झाला’ म्हणतात आणि हरलेल्या पैलवानालाही आडवा केला म्हणतात, त्यामुळे ‘बाटली आडवी केली’ हा प्रयोग फारसा न समजावता रुळला. महाराष्ट्रात हे मतदान राज्य शासनाच्या २५ मार्च २००८ च्या आदेशानुसार होते. सरकारदरबारी हा विषय उत्पादन शुल्काचा आहे. मागणी करणाऱ्या बायका मात्र सांजवेळी दुकानावरून जाणारी वाट, घरातली मारहाण आणि घरी न पोहोचणारी मजुरी यांविषयी बोलतात. सार्वजनिक सुरक्षिततेबद्दलचे लोकमत थेट मोजून त्यावर प्रशासनाने आदेश काढावा, अशी सोय इतर फारच थोड्या बाबतींत आहे.

उगम : या प्रथेच्या उगमाविषयी एकमत नाही. एका मतानुसार तिचे मूळ ‘स्थानिक विकल्प’ या पाश्चात्त्य कल्पनेत आहे. मद्यविक्रीचा निर्णय सरकारने न घेता त्या त्या वस्तीने घ्यावा, ही ती कल्पना. न्यूझीलंडमध्ये १८९३ मध्ये स्त्रियांना मताधिकार मिळाला आणि त्याच वर्षीच्या कायद्याने परवान्यांवर स्थानिक मतदानाची पद्धत आली. दोन्हींच्या मागे मद्यपानविरोधी स्त्री संघटनांचे बळ होते. स्कॉटलंडमध्ये १९१३ च्या कायद्याने तीन पर्याय दिले : आहे तसे ठेवा, परवाने कमी करा, परवाने नकोत. तिसऱ्या पर्यायासाठी झालेल्या मतदानाच्या ५५ टक्के आणि शिवाय एकूण मतदारांच्या किमान ३५ टक्के मते लागत. तेथील पहिले मतदान १९२० मध्ये झाले. विक या मासेमारीच्या बंदरात १९२२ पासून १९४७ पर्यंत दारूदुकान नव्हते.

ही कल्पना भारतात बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोहोचली. ब्रिटिश खासदार डब्ल्यू. एस. केन यांच्या पुढाकाराने १८८८ मध्ये स्थापन झालेल्या अँग्लो-इंडियन टेंपरन्स असोसिएशनच्या प्रचारात स्थानिक विकल्पाची मागणी आढळते. तथापि मराठी मुलखात दुकानाविरुद्धची तक्रार याहून जुनी आहे. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी १८८० मध्ये नगरपालिकेच्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष प्लंकेट यांना पत्र लिहून शहरात वाढणाऱ्या दारूदुकानांना विरोध केला होता. या पत्रात मतदानाची कल्पना नाही. पण दुकान कोठे असावे हा तेथे राहणाऱ्यांच्या हिताचा प्रश्न आहे, ही भूमिका त्यामागे दिसते. १९०८ मध्ये पुण्यात टिळकांच्या नेतृत्वाखाली दुकानांपुढे निरोधन (गिऱ्हाइकांना अडवण्याचे आंदोलन, पिकेटिंग) झाले. त्यातील प्रेरणा काही अंशी राजकीय होती, त्यामुळे या प्रथेच्या वंशावळीत त्याला किती स्थान द्यावे, याविषयी शंका राहते.

दुसरे मत स्वातंत्र्योत्तर स्त्री चळवळींकडे बोट दाखवते. १९७० च्या दशकाच्या आरंभी धुळे जिल्ह्यातील (आताच्या नंदुरबार जिल्ह्यातील) शहादा परिसरात भिल्ल स्त्रियांनी दारूचे गुत्ते फोडले. १९९२ मध्ये आंध्र प्रदेशातील नेल्लोर जिल्ह्यात दुबगुंटा गावापासून पसरलेल्या आंदोलनाने सरकारला अरक या देशी दारूच्या धोरणावर माघार घ्यायला लावली. गडचिरोलीत दीर्घ लोकचळवळीनंतर १९९३ मध्ये जिल्हाबंदी, म्हणजे संपूर्ण जिल्ह्यात दारूबंदी, आली. प्रस्तुत नोंदीचा कल या दुसऱ्या मताकडे आहे. मतदानाचे तंत्र स्थानिक विकल्पाच्या घराण्यातले खरे. राजस्थानात दुकान बंद करण्यासाठी मतदान घेण्याचे नियम १९७५ पासूनच होते. मात्र तेथील नियम दीर्घकाळ क्वचितच वापरले गेले आणि राजसमंद जिल्ह्यातील काछबली गावचे गाजलेले मतदान २०१६ चे आहे. नियम असणे आणि तो बायकांच्या हाती पडणे यांत जे अंतर असते, ते चळवळीने भरून काढले.

कायदेशीर चौकट : संविधानाच्या अनुच्छेद ४७ मध्ये मादक पेयांना प्रतिबंध करण्याचे निदेशक तत्त्व आहे. मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ (पुढे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम) मूळ संपूर्ण बंदीचा. १९६० च्या दशकापासून तो परवाना पद्धतीकडे झुकला. २००८ च्या आदेशाची रीत ढोबळमानाने अशी : गावातील २५ टक्के स्त्री मतदारांनी किंवा एकूण मतदारांपैकी २५ टक्क्यांनी सह्यांचे निवेदन द्यायचे, प्रशासनाने सह्या पडताळायच्या, मग महसूल यंत्रणेने मतदान घ्यायचे आणि आडव्या बाटलीला निम्म्याहून अधिक मते मिळाल्यास जिल्हाधिकाऱ्यांनी दुकान बंदीचा आदेश काढायचा. शहरात प्रभाग हे एकक मानतात.

यातील कळीचा मुद्दा छेदाचा आहे. निम्मी मते झालेल्या मतदानाची नसून यादीतील एकूण मतदारांची धरली जातात. समजा, यादीत १,००० स्त्रिया आहेत. त्यांपैकी ६०० आल्या, ४९० जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला आणि ११० जणींनी उभ्या बाटलीवर, तर दुकान चालूच राहते, कारण ५०१ झाल्या नाहीत. जी आली नाही, तिचे मत अशा रीतीने उभ्या बाटलीच्या पदरात पडते. लग्न होऊन गेलेल्या लेकी, यादीतून न वगळलेली मृतांची नावे, ऊसतोडीला किंवा शहरात कामाला गेलेल्या बाया या सगळ्यांचा भार आडव्या बाजूवर येतो. म्हणून अनुभवी कार्यकर्त्या सह्या गोळा करण्याआधी मतदारयादी तपासतात आणि तारीख गाव भरलेले असताना पडावी, असा आग्रह धरतात. विक येथील ३५ टक्क्यांच्या अटीशी तुलना केली, तर महाराष्ट्रातील अट कितीतरी कडक ठरते. ग्रामपंचायत सदस्यही झालेल्या मतांपैकी सर्वाधिक मतांवर निवडून येतो; बाईच्या सुरक्षिततेच्या मागणीला त्याहून उंच उंबरठा का असावा, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही.

प्रसार : सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्याचे उदाहरण वारंवार दिले जाते. तेथे गावोगावच्या मतदानातून परवानाधारक दुकाने बंद झाली आणि त्या कामात वारकरी मंडळींचा सहभाग मोठा होता. जिल्हाबंदी ही वेगळी बाब. वर्ध्यात ती १९७० च्या दशकाच्या मध्यापासून आहे. चंद्रपुरात डिसेंबर २०१० मध्ये स्त्रियांनी चिमूरहून नागपूरपर्यंत पदयात्रा काढली. १ एप्रिल २०१५ पासून बंदी लागू झाली आणि मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवण्याचा निर्णय घेतला. जिल्हाबंदी एका निर्णयाने येते आणि एका निर्णयाने जाते. गावाच्या मतदानामागे त्या गावाच्या सह्या असतात, हा फरक अभ्यासकांनी पुरेसा लक्षात घेतलेला दिसत नाही.

परिणाम व मर्यादा : मतदान फक्त परवानाधारक दुकानापुरते असते. हातभट्टी, ढाब्यावरची चोरटी विक्री आणि शेजारच्या गावातून येणाऱ्या बाटल्या त्याच्या कक्षेबाहेर राहतात. अण्णा हजारे यांच्या मागणीनंतर डिसेंबर २०१६ मध्ये कायद्यात ग्रामरक्षक दलाची तरतूद झाली, ती मुख्यतः या बेकायदा विक्रीसाठी. व्यसनी माणसाच्या उपचाराची जबाबदारी २००८ च्या आदेशात कोणावरही टाकलेली नाही. ज्या गावांत मतदानाबरोबर व्यसनमुक्तीचे काम चालले, तेथे बंदी अधिक टिकली, असे कार्यकर्ते सांगतात.

शहरी प्रभागांविषयी माहिती तुटक आहे. प्रभागाची लोकसंख्या मोठी आणि शेजाऱ्यांची ओळख कमी, म्हणून आवश्यक मतांपर्यंत पोहोचणे कठीण जाते. सोसायटीच्या गाळ्यात नवे बिअर वा मद्यविक्रीचे दुकान काढण्यासाठी त्या सोसायटीचे ना हरकत प्रमाणपत्र सक्तीचे राहील, असे सरकारने मार्च २०२५ मध्ये विधानसभेत जाहीर केले. यातून दुकान येण्याआधीच रहिवाशांना विचारले जाते. चालू असलेल्या दुकानासाठी मात्र सह्या, पडताळणी आणि मतपेटी हाच मार्ग उरतो.