अडले ते लाळग्रंथीपाशी: त्सेत्से माशीच्या ऊती आणि ट्रिपॅनोसोम

त्सेत्से या आफ्रिकेतल्या रक्त पिणाऱ्या माशीमार्फत गुरांना नागाना हा रोग देणारा ट्रिपॅनोसोमा ब्रुसी हा एकपेशीय परजीवी १९०३ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनच्या नोव्ही आणि मॅकनील यांनी रक्त मिसळलेल्या अगारवर (जेलीसारख्या पोषक थरावर) वाढवला. अशा संवर्धनांत परजीवी जोमाने वाढत, पण ते जनावराला टोचले तर सहसा रोग होईना. प्रयोगशाळांना या कोड्याने पुढे सत्तर वर्षे छळले.

प्रयोगशाळेत २७-२८ अंश सेल्सियसला वाढते ती परजीवीची माशीच्या मधल्या आतड्यातली अवस्था. सस्तन प्राण्याच्या रक्तात तग धरायला लागणारे प्रथिनांचे आवरण तिने टाकून दिलेले असते. ते आवरण परत चढते लाळग्रंथीत, ग्रंथीच्या भिंतीला चिकटून राहिल्यानंतर. म्हणजे नुसते माध्यम (परजीवी वाढवायचे पोषक मिश्रण) सुधारून भागणार नव्हते, माशीचा अवयवच हवा होता.

रॉकफेलर संस्थेच्या विल्यम ट्रॅगर यांनी १९५९ मध्ये त्सेत्सेच्या ऊतींसोबत ट्रिपॅनोसोमा विवॅक्स ही दुसरी जात संसर्गक्षम अवस्थेपर्यंत नेली. काम नाजूक होते. रक्त प्यायलेल्या माशीच्या आतड्यात जीवाणू असतात आणि त्यांनी बाटली गढूळ झाली की संवर्धन संपलेच. म्हणून माशीचे कोष बाहेरून निर्जंतुक करून त्यातल्या ऊती काढणे सोयीचे. माध्यमात घालायचे सीरम (रक्तातला पेशीविरहित द्रव) ५६ अंशांवर ३० मिनिटे तापवायचे. तसे केले नाही तर त्यातली पूरक प्रथिने (रक्तातली जंतूंवर हल्ला करणारी प्रथिने) आतड्यातल्या अवस्थेच्या परजीवींना फोडून टाकतात.

पुढे १९६७ मध्ये पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात (आजची राष्ट्रीय विषाणू संस्था) के. आर. पी. सिंग यांनी एडिस डासांच्या अळ्यांपासून अखंड वाढणाऱ्या पेशी मिळवल्या. विषाणूंच्या अभ्यासाला त्या वरदान ठरल्या. ट्रिपॅनोसोमचा हट्ट मात्र विशिष्ट अवयवाचा.

तो पुरवला कनिंगहॅम या संशोधकांनी. १९७७ च्या त्यांच्या माध्यमात अमिनो आम्लांवर भर होता. त्सेत्से उडण्यासाठी प्रोलीन हे अमिनो आम्ल जाळते आणि आतड्यातला परजीवीही त्यावर जगतो, हे लक्षात घेतले तर तो भर पटतो. त्याच वर्षी कनिंगहॅम आणि होनिगबर्ग यांनी डोके-लाळग्रंथीचे तुकडे २८ अंशांना जिवंत ठेवून त्यांच्यासोबत ब्रुसी वाढवला आणि त्याची गेलेली संसर्गक्षमता परत मिळवली.

१९७९ मध्ये ब्रुन आणि शोनेनबर्गर यांचे एसडीएम-७९ माध्यम आले. आतड्यातली अवस्था ऊतींविना भरपूर वाढू लागली, पण पुढे सरकेना. ग्रंथीशिवाय ती सरकली २०१२ मध्ये, आरबीपी६ हे एकच प्रथिन परजीवीत वाढवल्यावर.