ताब्यात की दिमतीला: ऑपकॉन आणि टॅकॉन यांतला फरक

'अमुक कमांडो तुकडी तमुक जनरलच्या हाताखाली देण्यात आली.' असं वाक्य वाचलं की मी तिथेच अडखळतो. हाताखाली म्हणजे नेमकं काय? अमेरिकी लष्कराच्या आदेशात या एका शब्दाच्या जागी वेगवेगळे शब्द येतात आणि प्रत्येकाचा अधिकार वेगळा असतो. त्यांतले सगळ्यात जास्त गल्लत होणारे दोन म्हणजे ऑपरेशनल कंट्रोल आणि टॅक्टिकल कंट्रोल. बोलताना कुणी पूर्ण नाव घेत नाही, ऑपकॉन आणि टॅकॉन एवढंच म्हणतात. मराठी भाषांतरात दोन्हीचं 'नियंत्रण' होतं आणि फरक पुसला जातो.

खरं तर आपल्या भाषेत हा फरक सांगायला चांगले शब्द आहेत. माणूस कुणाच्या पदरी असतो, कुणाच्या ताब्यात असतो आणि कुणाच्या दिमतीला दिलेला असतो. या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीत, तीन वेगळ्या धन्यांशी, एकाच वेळी खऱ्या असू शकतात. ऑपकॉन म्हणजे ताब्यात आणि टॅकॉन म्हणजे दिमतीला, एवढं मनात धरलं की पुढचं सोपं जातं.

या दोन्हींच्या वर कोकॉम असतो, म्हणजे कॉम्बॅटंट कमांड. सेंटकॉमसारख्या (म्हणजे मध्यपूर्व भागाची जबाबदारी असलेली सेंट्रल कमांड) मोठ्या संयुक्त कमांडच्या प्रमुखाला तो थेट कायद्याने मिळतो आणि तो दुसऱ्या कुणाला देता येत नाही. 1986च्या गोल्डवॉटर-निकोल्स कायद्याने त्याला आजचं रूप दिलं. त्यातून खाली वाटता येतो तो ऑपकॉन, आणि ऑपकॉनच्या पोटात टॅकॉन आपोआप येतो. उलट होत नाही. ज्याच्याकडे फक्त टॅकॉन आहे, त्याला ऑपकॉन आहे असं वागता येत नाही, आणि घोटाळे होतात ते याच ठिकाणी.

उदाहरण घेऊ. अमेरिकी स्पेशल फोर्सेसच्या एका कंपनीत साधारण सहा टीम असतात, प्रत्येकी 12 माणसांच्या. एक कॅप्टन, त्याचा मदतनीस वॉरंट ऑफिसर, टीम सार्जंट, एक गुप्तवार्तावाला, आणि शस्त्रं, बांधकाम-स्फोटकं, वैद्यकीय व संदेशवहन या चार कामांचे दोन-दोन जण. प्रत्येक कामाला दोघे असल्यामुळे गरज पडली तर टीम दोन भागांत विभागून लढू शकते. समजा, ही कंपनी एका पायदळ जनरलकडे आली.

आदेशात ऑपकॉन लिहिलं असेल, तर जनरल म्हणू शकतो: दोन टीम उत्तरेच्या ब्रिगेडकडे पाठवा, दोन हेलिकॉप्टर पथकाबरोबर जोडा, उरलेल्या दोन माझ्याजवळ राहू द्या. तो नवं काम सोपवू शकतो, उद्दिष्ट बदलू शकतो, हाच ताबा खालच्या अधिकाऱ्याकडे देऊ शकतो. दलांची जुळवाजुळव आणि कामाची निवड हा ऑपकॉनचा गाभा आहे.

तिथे टॅकॉन लिहिलं असेल, तर जनरल म्हणू शकतो: आज रात्री त्या कड्यावर चढा, अमुक वाटेने जा, पहाटेपर्यंत रस्त्यावर नजर ठेवा. हालचाल, जागा, वेळ, मारा, हे सगळं तो तपशिलात सांगू शकतो, पण ज्या कामासाठी कंपनी दिली त्या कामापुरतंच. सहा टीमची नवी वाटणी तो करू शकत नाही. स्थानिक सैनिकांना शिकवायला आलेल्या टीमला छावणीच्या फाटकावर पहाऱ्याला उभं करणं त्याच्या हातात नाही. विशेष दलांच्या लोकांना टॅकॉन आणि ऑपकॉनच्या फरकाची एवढी काळजी का असते, ते या एका गोष्टीवरून कळतं. वर्षानुवर्षं घडवलेली माणसं भलत्याच कामाला जुंपली जाण्याची भीती त्यांना कायम असते, आणि माझ्या मते ती रास्त आहे.

आता एक गैरसमज. ऑपकॉन मिळालं म्हणजे तुकडी सर्वस्वी आपली झाली, असं नाही. शिस्त, प्रशासन, रसद, प्रशिक्षण, तुकडीची अंतर्गत रचना या गोष्टी ऑपकॉनमध्येही आपोआप येत नाहीत. त्या ज्या अधिकाराखाली येतात त्याचं नाव ॲडकॉन, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटिव्ह कंट्रोल, आणि तो सहसा मूळ सेनादलाच्या वाटेने चालतो. म्हणजे पदरी असण्याची बाजू. टीममधला एक वैद्य कायमचा काढून आपल्या दवाखान्यात बसवावा, असं ऑपकॉनवाल्या जनरललाही परस्पर करता येत नाही. विशेष दलांत आणखी एक गुंता आहे: सर्वसाधारण साहित्य त्यांचं मूळ दल देतं, तर खास त्यांच्याच कामाचं साहित्य सोकॉम, म्हणजे स्पेशल ऑपरेशन्स कमांड, आपल्या स्वतंत्र अंदाजपत्रकातून देतं.

हे सगळं कागदी वाटत असेल तर 1993चं मोगादिशू पाहा. सोमालियात मेजर जनरल थॉमस मोंटगोमेरी दोन टोप्या घालून बसले होते. संयुक्त राष्ट्रांच्या फौजेचे ते उपप्रमुख होते, त्यांच्यावर तुर्कस्तानचे लेफ्टनंट जनरल चेविक बिर. शिवाय सोमालियातल्या अमेरिकी फौजांचेही तेच प्रमुख. त्यांच्याजवळ संकटात धावून जाणारी अमेरिकी क्विक रिॲक्शन फोर्स होती, पण ती त्यांच्या ताब्यात नव्हती. तिचा ऑपकॉन फ्लोरिडातल्या टॅम्पा इथे सेंटकॉमकडे होता. मोंटगोमेरींना फक्त टॅकॉन होता, तोही दोनच प्रसंगी: नेहमीच्या सरावासाठी, आणि संयुक्त राष्ट्रांच्या फौजेच्या आवाक्याबाहेरची आणीबाणी आली तर. त्यापलीकडे काही करायचं तर टॅम्पाची परवानगी हवी.

ऑगस्टमध्ये त्याच शहरात टास्क फोर्स रेंजर ही अमेरिकी विशेष दलांची फौज उतरली, मेजर जनरल विल्यम गॅरिसन यांच्या नेतृत्वाखाली. गॅरिसन मोंटगोमेरींना नव्हे, थेट सेंटकॉमच्या जनरल जोसेफ होर यांना जबाबदार होते. म्हणजे एका शहरात दोन अमेरिकी मेजर जनरल, आणि दोघांच्या वरचा पहिला समान अमेरिकी अधिकारी समुद्रापलीकडे. 3 ऑक्टोबरच्या दुपारी गॅरिसन यांच्या जवानांनी छापा घातला, दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं शहरात पडली आणि माणसं अडकली. क्विक रिॲक्शन फोर्सची संध्याकाळची पहिली धडक गोळीबाराने परतवली गेली. मग मलेशियाच्या चिलखती गाड्या आणि पाकिस्तानचे रणगाडे जमवायचे, वेगळ्या भाषांच्या आणि वेगळ्या वरिष्ठांच्या फौजांना बेत समजावायचा, कोण पुढे आणि कोण मागे ते जागेवर ठरवायचं, यात तास गेले. मदत निघाली तेव्हा मध्यरात्र जवळ आली होती. त्या लढाईत 18 अमेरिकी सैनिक गेले.

त्यांचा जीव आदेशातल्या एका शब्दामुळे गेला, असं मी म्हणणार नाही. चिलखती गाड्यांची मागणी आधीच वॉशिंग्टनमध्ये नाकारली गेली होती, ते कारण जास्त जवळचं आहे. पण मदतीचा बेत आधी तयार ठेवणं हे कुणाचं काम होतं, या प्रश्नाला अधिकारांच्या त्या मांडणीत स्वच्छ उत्तर नव्हतं, आणि ज्या घरांत जखमी माणसं पहाटेची वाट बघत होती तिथे त्याची किंमत मोजली गेली. दिमतीला दिलेल्या फौजेचा असा बेत आखायला तिच्या खऱ्या मालकाचं लक्ष तिथे हवं, आणि मालक टॅम्पात होता.

मार्च 2002मध्ये अफगाणिस्तानच्या शाह-ए-कोट खोऱ्यातल्या ऑपरेशन ॲनाकोंडात हीच खोट पुन्हा दिसली. मोहिमेचे प्रमुख मेजर जनरल फ्रँकलिन हेगनबेक होते, तरी त्याच खोऱ्यात टेहळणीला उतरलेली विशेष दलांची टास्क फोर्स 11 त्यांच्या हुकमाखाली नव्हती. तिथल्या तकुर घर शिखरावर 4 मार्चला सात अमेरिकी जवान मारले गेले.

सहकार्याची आणखी एक तऱ्हा आहे, सपोर्ट. तिथे ताबाही नाही, दिमतही नाही. वरचा समान कमांडर सांगतो की या कामात हा मुख्य आणि तो साहाय्यक. विशेष दलांना ही तऱ्हा बऱ्याचदा सोयीची पडते, कारण माणसं आपल्याच साखळीत राहतात आणि काम मात्र दुसऱ्याचं होतं.

शेवटचा खड्डा मित्रदेशांबरोबर काम करताना येतो. नाटोही ऑपकॉन हाच शब्द वापरते, पण अर्थ आखूड आहे. नाटोच्या व्याख्येत ऑपकॉन असलेला कमांडर तुकडीचे भाग सुटे करून वेगवेगळ्या कामांना लावू शकत नाही, आणि अमेरिकी व्याख्येत नेमकं तेच चालतं. नाटोत फौजांची फेरवाटणी करण्याचा हक्क वरच्या पायरीवर आहे आणि त्या पायरीचं नाव ऑपकॉम, ऑपरेशनल कमांड. शेवटच्या एका अक्षराचा फरक. फुल कमांड तर नाटोच्या कमांडरला कधीच मिळत नाही, ती ज्या त्या देशाकडे राहते. म्हणून संयुक्त मुख्यालयात आदेशात ऑपकॉन दिसला की आधी विचारावं लागतं: हा अमेरिकी ऑपकॉन आहे की नाटोचा?