पर्यायी फर्मवेअर, राउटरमधील

घरगुती वायफाय राउटरमधील किंवा ॲक्सेस पॉइंटमधील उत्पादकाचे फर्मवेअर (उपकरण चालविणारे, त्यातच साठविलेले सॉफ्टवेअर) काढून त्या जागी इतरांनी तयार केलेले फर्मवेअर बसविणे. ओपनडब्ल्यूआरटी, डीडी-डब्ल्यूआरटी व टोमॅटो ही त्यांतील प्रसिद्ध नावे. ‘डब्ल्यूआरटी’ ही अक्षरे लिंक्सिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी या निळ्या-काळ्या राउटरवरून आली. राउटर अडगळीत गेला, अक्षरे राहिली.

उगम : हा राउटर २००२ च्या अखेरीस बाजारात आला. नेटवर्क उपकरणे बनविणाऱ्या सिस्कोने २००३ मध्ये लिंक्सिस विकत घेतली. त्याच सुमारास, साधारण जूनमध्ये, त्या राउटरमध्ये जीपीएल परवान्याखालील (सॉफ्टवेअरसोबत त्याचा सोर्स कोड, म्हणजे मूळ लिखित आज्ञावली, देणे बंधनकारक करणारा परवाना) लिनक्स असूनही सोर्स कोड दिलेला नाही, ही बाब लिनक्स विकसकांच्या लक्षात आली. पुढे कंपनीने कोड खुला केला. हे औदार्याने झाले असे कधीकधी लिहिलेले आढळते. परवान्याची अट पाहता तो दबावामुळे खुला झाला हे मत अधिक पटते. जीपीएल परवाना तयार करणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने डिसेंबर २००८ मध्ये सिस्कोवर लिंक्सिस उत्पादनांवरून खटला भरला, हेही त्या मताला पोषक आहे. तो खटला २००९ मध्ये तडजोडीने मिटला. खुला कोडही पूर्ण नव्हता. ब्रॉडकॉम कंपनीच्या वायरलेस चिपचा ड्रायव्हर (चिप चालविणारा सॉफ्टवेअरचा भाग) बंदच राहिल्याने या राउटरवरील पर्यायी फर्मवेअर दीर्घकाळ लिनक्स २.४ या जुन्या कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) जखडून राहिले.

ओपनडब्ल्यूआरटीचा आरंभ जानेवारी २००४ चा मानतात. डीडी-डब्ल्यूआरटी आधी स्वीसॉफ्ट कंपनीच्या ‘अल्केमी’ या फर्मवेअरवर उभे होते. म्हणून दोहोंना एकाच झाडाच्या फांद्या म्हणणे ढोबळ ठरते. मूळ राउटरच्या पाचव्या आवृत्तीत लिनक्सऐवजी व्हीएक्सवर्क्स ही दुसरी कार्यप्रणाली आली, फ्लॅश (कायम साठवण) २ व रॅम ८ मेगाबाइटवर आली. लिनक्सवाल्यांसाठी ४ व १६ मेगाबाइटचा डब्ल्यूआरटी५४जीएल वेगळा काढावा लागला.

पद्धत : सामान्यतः राउटरच्या ॲडमिन पानावरील ‘फर्मवेअर अपग्रेड’मधून फाइल चढवतात. ओपनडब्ल्यूआरटीसाठी पहिल्यांदा ‘फॅक्टरी’ आणि नंतरच्या अद्ययावतीकरणाला ‘सिसअपग्रेड’ प्रकारची इमेज (फर्मवेअरची फाइल) लागते. चुकीच्या मॉडेलची फाइल गेल्यास किंवा मध्येच वीज गेल्यास राउटर ‘ब्रिक’ होतो, म्हणजे विटेसारखा निकामी होतो. पण मेलेला दिसणारा प्रत्येक राउटर मेलेला नसतो. डब्ल्यूआरटी५४जीमध्ये ‘बूट_वेट’ ही सेटिंग चालू असल्यास बूटलोडर (फर्मवेअर सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) सुरुवातीला काही सेकंद थांबतो. संगणकावरून राउटरच्या १९२.१६८.१.१ या पत्त्याला पिंग (उत्तर येते का हे पाहणारा संदेश) लावून राउटरची पिन काढून घालावी. उत्तरातील टीटीएल हा आकडा १०० आला तर बूटलोडर बोलतो आहे. तेवढ्यात टीएफटीपी या साध्या फाइल-पाठवणी पद्धतीने फर्मवेअरची फाइल ढकलायची. टीटीएल ६४ आला, तर आतले लिनक्स सुरू झाले आहे आणि संधी हुकली. जुन्या मूळ फर्मवेअरमध्ये ‘बूट_वेट’ चालू करण्यासाठी पिंगच्या पानातील सुरक्षेची एक त्रुटीच वापरली जाई. अर्थात दोष होता तोवरच दार उघडे होते.

कायदा : अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने ५ गिगाहर्ट्झ वायफाय उपकरणांच्या रेडिओ सॉफ्टवेअरमधील फेरफारांबाबतचे नियम कडक केल्याने २०१५ मध्ये उत्पादक सर्वच फर्मवेअर कुलूपबंद करतील अशी भीती होती. पुढील वर्षी आयोगाच्या टीपी-लिंक या राउटर उत्पादकाशी झालेल्या तडजोडीत पर्यायी फर्मवेअरला वाव ठेवण्याचे कलम आले.

भारत : हिमाचल प्रदेशातील धर्मशाळा येथे २००५ मध्ये उभारलेल्या सामुदायिक वायरलेस जाळ्यात फेरफार केलेले डब्ल्यूआरटी५४जी राउटर वापरले गेले.