४२९४९६७२९७ : फर्माला चकवणारी संख्या

२ चा घात १, २, ४, ८, १६ असा दुपटीने वाढवत न्या आणि दर वेळी उत्तरात १ मिळवा. ३, ५, १७, २५७, ६५५३७ अशी रांग मिळते. या पाचही मूळ संख्या आहेत. रांग पुढे कितीही वाढवली तरी मूळ संख्याच येत राहतील, असं फ्रेंच गणितज्ञ पिएर द फर्माला १६४० च्या सुमारास वाटलं. सिद्धता त्याच्याकडे नव्हती. सहावी संख्या म्हणजे २ चा ३२वा घात अधिक १ : ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९७.

१७३२ मध्ये गणितज्ञ ऑयलरने तिचा विभाजक शोधला : ६४१. दुसरा अवयव ६७००४१७, तोही मूळच. ऑयलरने हजारो भागाकार केले नाहीत. या संख्येच्या कुठल्याही मूळ विभाजकाला ६४ ने भागलं तर बाकी १ उरलीच पाहिजे, हे त्याने दाखवलं. अशा मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१... पाचव्या भागाकाराला काम फत्ते! फर्माने एवढी आकडेमोड का केली नाही, याचं नवल वाटतं.

मात्र त्याची स्वतःचीच कसोटी इथे फसवी निघते. मूळ संख्येसाठी २ ला त्या संख्येपेक्षा एकाने कमी असा घात द्या आणि मूळ संख्येने भागा, बाकी १ येते (मूळ संख्या २ सोडून). आपली संख्या संयुक्त असूनही या परीक्षेत उत्तीर्ण होते. कारण सोपं आहे. २ चा ३२वा घात आपल्या संख्येपेक्षा एकाने कमी, म्हणून त्याची बाकी उणे १ धरता येते, त्याचा वर्ग केला की १; म्हणजे ६४व्या घाताला बाकी १ झालीच. आपल्याला हवा असलेला घात ६४ च्या पटीतलाच आहे.

दुसरी कसोटी मात्र तिला पकडते, आणि मला ती जास्त देखणी वाटते. ४ ने भागल्यावर बाकी १ उरणारी मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत एकाच प्रकारे लिहिता येते. इथे ६५५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग हा एक प्रकार उघडच दिसतो. पण ६२२६४ आणि २०४४९ यांच्या वर्गांची बेरीजही तेवढीच भरते. दोन प्रकार सापडले, म्हणजे संख्या संयुक्त. ६४१ चं नावही घ्यावं लागलं नाही.

रांगेतल्या पहिल्या पाच संख्यांचा गुणाकार ४२९४९६७२९५ येतो, आपल्या संख्येपेक्षा बरोबर दोनने कमी. गणितज्ञ गाउसच्या कामामुळे या गुणाकाराला भूमितीतही जागा मिळाली : फक्त पट्टी आणि कंपास वापरून काढता येणाऱ्या, विषम बाजूंच्या सुसम बहुभुजांपैकी आज माहीत असलेला सर्वांत मोठा एवढ्या बाजूंचा आहे.

रांगेत पुढे सहावा मूळ सदस्य अजून कुणाला सापडलेला नाही. रांगेतली २ चा १०,४८,५७६वा घात अधिक १ ही संख्या तर विचित्रच : ती संयुक्त आहे हे पक्कं ठाऊक आहे, पण तिचा एकही मूळ अवयव आजवर हाती लागलेला नाही.