ओळखू न येण्याचा इतिहास

ऑटिझमला, म्हणजे संवादाची आणि वागण्याची घडण लहानपणापासूनच वेगळी असण्याला, मराठीत ‘स्वमग्नता’ हा शब्द रुळला आहे. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉइलर यांनी १९११च्या सुमारास ‘स्व’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून मूळ संज्ञा घडवली, आपण तिचं इमानेइतबारे मराठी केलं. शब्द कानाला गोड आहे. पण चारचौघांत खपून जावं म्हणून दिवसभर धडपडणाऱ्या ऑटिस्टिक माणसाच्या बाबतीत तो नेमका उलटा पडतो. समोरच्याच्या डोळ्यांत किती वेळ बघायचं, हसायचं कधी, हलणारे हात मांडीखाली दाबायचे का, हा हिशेब त्याच्या डोक्यात अखंड चालू असतो. स्वतःत मग्न व्हायला त्याला फुरसतच नसते. या खटाटोपाला आता ‘मास्किंग’ म्हणतात. नाव नवं असलं तरी त्यामागचा दाब जुना आहे.

बडोद्यापुरतं बोलायचं तर तो दाब शाळेच्या बाकापासून मोजता येतो. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला. नामदार गोखल्यांनी १९११ मध्ये कलकत्त्याच्या कायदेमंडळात शिक्षणाचं विधेयक मांडलं, तेव्हा बडोद्याचा दाखला सगळ्यांसमोर होता. शहराने मिरवावं असंच हे काम आहे. मात्र सगळी मुलं एका रांगेत बसली की रांगेबाहेरचं मूलही पहिल्यांदा उठून दिसू लागतं. त्याआधी दांडिया बाजारातल्या, रावपुऱ्यातल्या वाड्यांत अशा माणसांसाठी वेगळे शब्द होते: एककल्ली, तऱ्हेवाईक, माणूसघाणा. ते प्रेमाचे शब्द नव्हेत. पण ‘काका तसेच आहेत’ म्हणून विषय तिथे संपायचा, काकांना बदलायला कुणी जात नसे. अर्थात वाड्याचं फार कौतुकही नको. ज्यांना बोलताच येत नसे, त्यांच्या वाट्याला बहुधा मागची खोली येई.

ऑटिझमची वैद्यकीय ओळख पटली ती अमेरिकेतले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांच्या १९४३च्या लेखाने. त्यात ११ मुलांची वर्णनं होती. पुढची दोन दशकं खापर आयांवर फुटलं. आई थंड, म्हणून मूल असं, हा समज बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने १९६४च्या पुस्तकात खोडून काढला. तो स्वतः ऑटिस्टिक मुलाचा बाप होता.

आई सुटली, पण मग मुलाला घडवण्याचे उपाय सुरू झाले. कॅलिफोर्नियात मानसशास्त्रज्ञ इव्हार लोव्हास यांनी साठच्या दशकात बक्षीस आणि शिक्षा यांच्या जोरावर मुलांचं वर्तन बदलण्याचे प्रयोग केले. १९६५च्या एका प्रयोगात पाच वर्षांच्या जुळ्यांना विजेचे झटके देण्यात आले. १९८७चा त्यांचा अभ्यास सर्वांत गाजला. १९ लहान मुलं, आठवड्याला सुमारे ४० तासांची शिकवणी, त्यातली ९ जण नेहमीच्या शाळेत पहिली पास. ओरडून ‘नाही’ म्हणणं आणि प्रसंगी मांडीवर चापट, हेही त्या शिकवणीत होतं. या नऊ जणांना शाळेतली माणसं त्यांच्या इतर मित्रांपासून वेगळं ओळखू शकत नाहीत, हे तिथे यशाचं प्रमाण म्हणून नोंदलं गेलं. सगळं पुढचं दुखणं मला या मोजपट्टीत दिसतं. मूल बरं आहे की नाही हे बघणाऱ्याने ठरवायचं, मुलाला विचारायचं नाही. ती पद्धत आज बरीच सौम्य झाली आहे. झटके जवळजवळ गेले, खेळ आले, आणि बोलू न शकणाऱ्या मुलांचे कितीतरी पालक तिच्याबद्दल कृतज्ञही आहेत. मोजपट्टी मात्र टिकून आहे. ‘आता अगदी नॉर्मल वाटतो हो’ हे वाक्य आजही शाबासकीसारखंच दिलं जातं.

बडोद्याच्या मराठी घरात या शाबासकीची आणखी एक किंमत पडते. घरात मराठी, रस्त्यावर गुजराती, टीव्हीवर हिंदी, शाळेत इंग्रजी. मूल उशिरा बोलायला लागलं की सल्ला मिळतो: एकच भाषा ठेवा. ती एक बहुतेक वेळा शाळेची असते. मग आजी नातवाला ‘सिट डाउन’, ‘लुक ॲट मी’ म्हणू लागते आणि गोष्ट सांगायची थांबते. दोन भाषा ऐकल्याने ऑटिस्टिक मुलांचं बोलणं मागे पडतं, असं गेल्या वीसेक वर्षांतल्या अभ्यासांत काही आढळलेलं नाही. सल्ला तरी चालूच आहे.

मुलींचं तर निदानच हुकतं. निदान झालेल्यांत चार मुलांमागे एक मुलगी असं प्रमाण वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. २०१७च्या एका मोठ्या आढाव्यात ते तीनास एकच्या जवळ आलं. मैत्रिणींचं बघून बघून हसणारी, वर्गात आवाज न करणारी मुलगी आपल्याकडे ‘गुणाची’ ठरते. पुढे हळदीकुंकवाला आणि कांदेपोह्यांच्या कार्यक्रमालाही ती तशीच निभावून जाते. घरी येऊन दार लावून का बसते, हे कुणी विचारत नाही.

ऑटिस्टिक माणसांनी स्वतः बोलायला सुरुवात केली ती नव्वदच्या दशकात. आमच्यासाठी शोक करू नका, असं ऑटिस्टिक कार्यकर्ते जिम सिंक्लेअर यांनी १९९३ मध्ये पालकांना सुनावलं. स्वतः ऑटिस्टिक असलेल्या डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये आणखी एक मुद्दा मांडला: न समजणं दोन्ही बाजूंनी असतं, दुरुस्ती मात्र एकाच बाजूची होते. संशोधक लॉरा हल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ९२ ऑटिस्टिक प्रौढांना मास्किंगबद्दल विचारलं. उत्तरांत प्रचंड थकवा होता, आणि आपण मुळात कोण हेच हरवल्याची भावना. पुढच्याच वर्षी मास्किंगचा संबंध आत्महत्येच्या विचारांशीही दिसून आला.

आपल्या कायद्यात ऑटिझम आला १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत तो आहे. सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो आणि तपासणीला ४० बाबींची भारतीय मोजपट्टी असते. नजर देतो का, हावभाव कसे, हालचाली कशा, हे त्यात पाहिलं जातं. म्हणजे शाळेत प्रवेश टिकावा म्हणून जे वर्षभर लपवायला शिकवलं, तेच दाखल्याच्या दिवशी दिसावं लागतं. दवाखान्याच्या बाकावर बसलेली आई सवयीने ‘वर बघ, बाळा’ म्हणते आणि मधेच थांबते.